चौसष्ट डेसिबल

घोडपदेवच्या नाक्यावर सभा.
सहा कॉलम, दोन मॉनिटर, माइक एक,
परवानगी दहापर्यंत, ॲडव्हान्स निम्मा.
मी मिक्सरवर.
मुनाफ हमदुले एरवी माझ्या डाव्या हाताला असतो,
वायरींच्या भेंडोळ्यावर बूड टेकून.
त्या दिवशी म्हणाला, 'आज तू एकटाच जा.
बॅनर वाचलाय मी.'
आणि रात्री जागून डाग दिलेली केबल
माझ्या खांद्यावर टाकली.
'खरखर येणार नाही.'

पहिली पाच मिनिटं गटार, नळ, पार्किंग.
मग वक्त्यांनी पाण्याचा घोट घेतला
आणि आवाज खाली आणला.
लोकांना वाटतं, असली माणसं ओरडतात.
साउंडवाल्याला विचारा.
सगळ्यात वाईट ते हळूच येतं,
माइकला ओठ टेकवून,
आणि ते मागच्या रांगेला पोचावं म्हणून
ट्रेबल आम्हीच चढवतो.
मी चढवला.
बोट सवयीनं गेलं.

तो शब्द इथे लिहीत नाही.
किड्याचं नाव होतं.
मग किड्यांवर काय फवारतात, ते.
मग, 'मी काही म्हणालो नाही हं,
तुम्ही समजदार आहात.'
असा हशा
की मीटरची सुई लाल पट्ट्यात जाऊन आली.
पुढच्या खुर्चीत एक बाई
मांडीवरच्या पोराचे केस सारखे करत हसत होती.

हवालदार घुगरे यंत्र घेऊन आले,
कॉलमसमोर धरलं, चष्मा कपाळावर.
'चौसष्ट. मर्यादा पासष्ट. चालू द्या.'
'साहेब, पण ते बोलतायत काय—'
'ते ह्याच्यात येत नाही,'
आणि यंत्र खिशात.

फेडर माझ्या अंगठ्याखाली.
पांढरी रेघ झिजून गेलेला.
दोन इंच खाली, की शांत.
फ्यूज उडाला म्हणता आलं असतं.
उडतात.

पण हौसाबाई गुंजाळ आठवल्या.
सात वर्षं झाली, ट्रान्झिट कॅम्पची मीटिंग.
त्या बिल्डरचं नाव घेणार
इतक्यात इन्स्पेक्टरनं माझ्याकडे बघून
दोन बोटं कात्रीसारखी मिटली.
हाच फेडर.
हौसाबाईंचं तोंड हलत राहिलं.
मग त्यांनी माइकवर फुंकर मारली,
विझत्या चुलीवर मारतात तशी.
एकदा. परत एकदा.
घरी येऊन मी ठरवलं,
ह्या हातानं आता कुणाचं तोंड बंद करायचं नाही.
कुणाचंही.
'कुणाचंही' म्हणताना डोळ्यांसमोर
हौसाबाईच होत्या, हे तेव्हा कळलं नाही.

अंगठा तिथेच राहिला. घामेजला.
दहाला पाच कमी असताना सभा संपली, नियमात.
उरलेले पैसे रोख मिळाले.
एक कार्यकर्ता म्हणाला, 'क्लॅरिटी मस्त.'
मस्त होती.
वारा पूर्वेकडे होता,
दारूखान्याच्या गल्ल्यांपर्यंत
एकेक अक्षर सुटं सुटं पोचलं असणार.
तिथे मुनाफची आई रात्री खिडकी उघडी ठेवते,
दम्यामुळे.

सकाळी तो केबल गुंडाळायला बसला,
कोपर, अंगठा, कोपर, अंगठा.
'खरखर आली?'
'नाही.'
'म्हणजे स्वच्छ गेलं सगळं.'
'हो.'
पुढे काही तो बोलला नाही.
मी त्याच्यासाठी चहा सांगितला, साखर कमी,
जसं काही त्यानंच भागणार होतं.

त्यानं पिन उघडली, उजेडाकडे धरली.
त्याचे अब्बा, हरूनचाचा, आम्हा दोघांना एकाच टेबलावर शिकवायचे:
पक्का डाग चकाकतो.
थंड डाग जोडल्यासारखा दिसतो नुसता,
आतून सुटलेला असतो,
आणि भर सभेत कळतो.

मी बघितलं. डाग चकाकत होता.
तरी मुनाफनं
गन तापत ठेवली.